बाबू कडा हे ज्वालामुखीचे मुख आहे काय?

कृष्णाकाठ (प्रश्न):
वासोटा किल्ल्यावरून दिसणारा बाबू कडा घोड्याच्या नालेसारखा वळलेला असल्याने ते ज्वालामुखीचे मुख असल्याचे पुष्कळजण ठामपणे सांगतात. याला भूशास्त्रीय आधार आहे काय? डिसेंबरात साताऱ्याहून मुलांसह जाण्याचा बेत आहे, तेव्हा वाट आणि जंगल यांविषयीही जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

कातळवेडा:
आधार नाही. दख्खनचा लाव्हा शंकूच्या तोंडातून उसळला नाही, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो प्रामुख्याने जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वाहिला आणि थरावर थर साचत गेले. १९६७च्या भूकंपानंतर चर्चेत आलेल्या कोयना परिसरात अलीकडे खोल विंधनविवरे घेण्यात आली; त्यांपैकी एकात ९०० मीटरहून अधिक बेसॉल्ट (याच थिजलेल्या लाव्ह्याचा काळा कातळ) ओलांडल्यावर थेट ग्रॅनाइट लागला. बाबू कडा कोरला तो पावसाने आणि कोकणात उतरणाऱ्या ओढ्यांनी: खालचा मऊ थर झिजला की वरचा कठीण कातळ निराधार होऊन उभ्या चिरांवर सुटतो, म्हणून कडा ताशीव राहतो. तेथे उभे राहून आडव्या पट्ट्या पाहाव्यात. अलीकडची पट्टी पलीकडच्या बाजूस जवळपास त्याच उंचीवर सापडते, म्हणजे थर मुळात सलग होते आणि मधला भाग झिजून गेला. थराचा माथा जेथे उघडा पडला आहे, तेथे वाटाण्याएवढ्या पोकळ्यांत झिओलाइट हे पांढरे खनिज भरलेले दिसते. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे वर चढता चढता थिजले, त्याची ती खूण.

रानवाटा:
बामणोलीहून लॉन्चने शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) ओलांडून गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरावे लागते. वनखात्याची परवानगी आवश्यक असून प्लॅस्टिकची तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी. हे कोयना अभयारण्य असून २०१०पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. गवा, सांबर, अस्वल येथे आहेत. परंतु दिवसा गडबडीने चढणाऱ्यांना बहुधा गव्याचे शेण आणि फार तर झाडावर शेकरू दिसते. मुलांना पुढे पळू देऊ नये. गडावर मुक्कामास मनाई असल्याने सकाळची पहिली लॉन्च गाठावी. नागेश्वराची गुहा त्याच दिवशी जोडण्याचा आग्रह मुलांसोबत धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कातळवेडा:
जाताना कासच्या सड्यावर (पठारावर) थांबलात, तर फुले संपलेली असली तरी पायाखालचा जांभा जरूर पाहावा. बेसॉल्ट दीर्घकाळ कुजून तो तयार झाला आहे, आणि त्यावर माती जेमतेम असल्यानेच तेथे मोठी झाडे फारशी रुजत नाहीत.