स्कारा ब्रे (स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरचं सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी गाव): एका दिवसात होतं का? घरांत शिरता येतं का?

मुसाफिर_७: जूनमध्ये इन्व्हरनेसला चार दिवस मुक्काम आहे. गाडी भाड्याने घेणार. सकाळी निघून स्कारा ब्रे पाहून रात्री परत, असा बेत आहे. जमेल का? सोबत आई आहेत, गुडघे दुखतात. घरांच्या आत उतरून बघता येतं की नुसतं वरून? आणि वेळ किती ठेवावा?

उत्तरवारा: जमेल, पण करू नका. इन्व्हरनेस ते स्क्रॅब्स्टर बंदर गाडीने अडीच-तीन तास, पुढे ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेसपर्यंत बोट दीड तास, बोटीवर गाडी चढवायला आधी पोचावं लागतं ते वेगळंच. परतीची बोट चुकली की रात्र धक्क्यावर. एक मुक्काम ऑर्कनीत करा. जूनमध्ये सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो, त्यामुळे संध्याकाळ फुकट जात नाही. उन्हाळ्यात बोटीवर गाडीची जागा लवकर भरते, ती आधी पक्की करा आणि मगच हॉटेल बघा. उलटं केलं की अडकता.

स्ट्रॉमनेसहून स्कारा ब्रे ११ किमी आहे. ऑर्कनीतल्याच कर्कवॉल बंदरात मोठी क्रूझ जहाजं लागतात त्या दिवशी बसच्या बस इथेच येतात. जहाजांचं वेळापत्रक बंदराच्या संकेतस्थळावर असतं, ते पाहून दिवस ठरवा. नाहीच जमलं तर उघडल्या उघडल्या जा, नाहीतर शेवटच्या दोन तासांत.

दगडी_फडताळ: घरांत उतरता येत नाही. घरांच्या भोवतीने, भिंतींच्या माथ्यालगत पायवाट आहे, तिथून खाली बघायचं. म्हणून आधी प्रवेशकेंद्राजवळची घराची प्रतिकृती नीट बघा. तिला छप्पर आहे, आत शिरता येतं. ती डोक्यात बसली की वरून काय बघतोय ते कळतं. बरेच लोक थेट समुद्राकडे पळतात, वीस मिनिटांत 'दगडांचे खड्डे' बघून परत येतात.

वरून काय शोधायचं: मधोमध दगडांनी बांधलेली चौकोनी चूल. दाराच्या बरोबर समोर दगडी फडताळ, म्हणजे आत पाऊल टाकणाऱ्याची पहिली नजर त्यावरच. दोन्ही बाजूंना उभ्या लाद्यांच्या पेटीसारखे पलंग, उजवीकडचा मोठा, डावीकडचा लहान. जमिनीत मातीने सांधे लिंपलेल्या छोट्या टाक्या. दाराच्या चौकटीत आडवा अडसर सरकवायची भोकं बघायला विसरू नका. घर क्र. ८ मात्र वेगळं आहे. तिथे पलंगही नाहीत, फडताळही नाही, दगडी हत्यारं घडवायची जागा असावी.

सगळं दगडाचंच का, तर बेटावर मोठं लाकूड फारसं नव्हतं आणि तिथला दगड शहाबादी फरशीसारखा थराथराने सुटतो. घरांच्या भोवती उकिरड्याचा कुजलेला ढीग थापलेला होता. त्याने भिंतींना आधार मिळाला आणि वाराही अडला. वर वाळू साचली आणि १८५० च्या वादळाने ती उडवेपर्यंत सगळं झाकलेलं राहिलं. १९२४ च्या वादळात एका घराचं नुकसान झालं, मग समुद्राकडून धक्क्याची भिंत बांधली. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९२८-३० मध्ये उत्खनन केलं आणि वस्ती लोहयुगातली, म्हणजे बरीच अलीकडची ठरवली. पुढे रेडिओकार्बन चाचणीने (अवशेषांतल्या कार्बनवरून वय काढतात ती) ती इ.स.पू. ३१८० ते २५०० च्या सुमाराची निघाली. म्हणजे हडप्पाची मोठी शहरं भरात येत होती तेव्हा हे गाव ओस पडत होतं. समुद्र तेव्हा इतका जवळ नव्हता, हेही उभं राहून बघताना लक्षात ठेवा.

प्रतिकृती आणि संग्रहालय धरून दोन तास हवेत.

उत्तरवारा: आईंसाठी: केंद्रापासून वस्तीपर्यंत काही शे मीटर उघड्यावरची वाट आहे. चढ नाही म्हणण्यासारखा, पण वारा थेट अंगावर येतो. छत्री नेऊच नका, उलटी होते. टोपीची जाकीट न्या. जवळच्या मेसहोवे या प्राचीन दगडी थडग्याला मात्र त्यांना नेऊ नका. आत जायची वाट साधारण दहा मीटर लांब आणि इतकी बुटकी की कमरेत वाकूनच जावं लागतं. गुडघे तिथेच बोलतात. त्यापेक्षा ब्रॉडगरचं दगडी वर्तुळ बघा. मेसहोवे तुम्हाला एकट्याला बघायचं असेल तर वेळेचं आरक्षण आधीच करा.

मुसाफिर_७: मुक्काम वाढवतो. पण आत शिरता येणारी खरी जागा कुठेच नाही का?

दगडी_फडताळ: आहे. पापा वेस्ट्रे बेटावर नॅप ऑफ हॉवर. स्कारा ब्रेपेक्षाही जुनं, इ.स.पू. ३७०० च्या आसपासचं. समुद्रालगत जोडून असलेली दोन घरं, मधून छोटा बोळ. दारातून वाकून आत जाता येतं. छप्पर नाही, भिंती बऱ्याच उंच उभ्या आहेत. कर्कवॉलहून छोटं विमान किंवा बोट. पण हवेवर सगळं अवलंबून, म्हणून परतीच्या मुख्य बोटीच्या दिवशी हा कार्यक्रम ठेवू नका.

उत्तरवारा: आणि गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे करा, एका वेळी एकच दार उघडा, हाताने धरून. ऑर्कनीत वाऱ्याने दार उलटं वळतं आणि काही भाड्याच्या गाड्यांच्या विम्यात तो खर्च धरत नाहीत. करारात ते कलम वाचून घ्या.