काप्री बेटावर एक दिवस: साबांना (सासूबाईंना) घेऊन कुठे चालावं?

भटकभवानी
इटलीत सोरेंतोला मुक्काम आहे, त्यातला एक दिवस काप्रीसाठी ठेवलाय. सकाळच्या पहिल्या बोटीने जायचं, संध्याकाळी परत. नवरा आणि मी तंगडतोड करणारे. सोबत साबा आहेत, त्यांचा एक गुडघा कुरकुरतो. सपाट रस्त्यावर छान चालतात, पण पायऱ्या नकोत. निळी गुहा, माँते सोलारो डोंगर, रोमन सम्राट तिबेरिअसचा महाल, समुद्रातले फाराल्योनीचे सुळके, सगळंच बघायचंय. बसेल का एका दिवसात?

दर्यावर्दी
नाही बसणार. बेट सुमारे १० चौरस किलोमीटरचं, पण उभंच्या उभं आहे. निम्मा दिवस बसच्या रांगेत जाईल. पूर्वेकडची बाजू धरा आणि अनाकाप्री, म्हणजे पश्चिमेकडचं दुसरं गाव, सोडून द्या.

मरीना ग्रांदे बंदराला उतरलात की फ्युनिक्युलरने (चढावरच्या दोरखंडाच्या रेल्वेने) वर पियाझेत्ताला, म्हणजे काप्री गावातल्या चौकात या. तिथून साबांना विया त्रागारा धरू दे. रस्ता फरसबंदी, जवळजवळ सपाट आणि गाड्या नाहीत. टोकाला फाराल्योनी समोर दिसतात. तुम्ही दोघं विया मातेरमानियाने आर्को नातुराले गाठा, म्हणजे ती चुनखडकाची नैसर्गिक कमान. तिथून पायऱ्या उतरत पित्सोलुंगोची वाट घ्यायची. मध्ये मातेरमानियाची गुहा लागते, आत रोमन बांधकामाचे अवशेष आहेत. पुढे खाली कड्यावर लेखक मालापार्तेचं लाल घर दिसतं, गच्चीवर चढत जाणाऱ्या रुंद पायऱ्यांचं. खाजगी आहे, लांबूनच बघा. आणि ही वाट संपते कुठे? त्रागारालाच! साबा तिथे बसलेल्या असतील. उलट दिशेने मात्र जाऊ नका, त्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतील.

कड्यावरचा_कावळा
दर्यावर्दींशी अर्धा सहमत. अनाकाप्री सरसकट सोडू नका हो! माँते सोलारो ५८९ मीटर, बेटावरची सर्वात उंच जागा, आणि अनाकाप्रीहून चेअरलिफ्टने (तारेवरच्या खुर्चीने) साधारण पाव तासात वर. हवा स्वच्छ असेल तर नेपल्सचं आखात आणि व्हेसुव्हिअस ज्वालामुखी दोन्ही दिसतात. एकेकट्याची खुर्ची असते आणि ती थांबत नाही. चालत्या खुर्चीवर पटकन बसायचं आणि उतरताना पटकन बाजूला व्हायचं, त्यामुळे साबांचा गुडघा बघून ठरवा.

निळ्या गुहेबद्दल: तोंड जेमतेम एक मीटर उंच, लहान होडीत आडवं झोपून आत जावं लागतं. उजेड पाण्याखालच्या मोठ्या भोकातून येतो, म्हणून ते निळं. समुद्र थोडा जरी खवळलेला असला तरी बंद. गुहेसाठी सगळा दिवस टांगून ठेवू नका.

भटकभवानी
त्रागाराचं भारीच जमलं, साबा खूश! गुहेवर फुली. पण महाल? रोमन इतिहास म्हणजे नवऱ्याचा जीव की प्राण.

दर्यावर्दी
मग व्हिला जोविस, म्हणजे तोच महाल, आधी करा, ऊन चढायच्या आत. पियाझेत्तापासून पाऊण तासाची चढण. इ. स. २७ ते ३७, म्हणजे मरेपर्यंत, तिबेरिअस मुख्यतः याच बेटावर राहून साम्राज्य हाकत होता. आता छप्पर नाही, रंग नाही, नुसत्या भिंती. मधोमध पावसाचं पाणी साठवायच्या प्रचंड टाक्या आहेत, महाल त्यांच्याभोवती बांधलाय. नवऱ्याला तिथून ओढून आणावं लागेल. उतरताना आर्को नातुरालेचा फाटा लागतो, पियाझेत्तापर्यंत परत यायची गरज नाही. उघडण्याच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी बघून घ्या.

कड्यावरचा_कावळा
एवढं सगळं होईस्तोवर साबा त्रागाराला कंटाळतील. त्यांना आधी ऑगस्टसची बाग दाखवा, पियाझेत्तापासून जवळ आहे, तिथूनही फाराल्योनी दिसतात. निवांत दोनेक तासांनी त्रागाराकडे निघाल्या तरी चालेल.

भटकभवानी
साबा म्हणतात, "तुम्ही या सावकाश, मला घाई नाही." चेअरलिफ्टचं मात्र त्यांच्या डोक्यात बसलंय, आता मी काय बोलू!

दर्यावर्दी
काही बोलू नका. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे तेवढं लिहून ठेवा.