भाचीचं पायलट ट्रेनिंग, दोन एकर केळी आणि एक भागीदारी: सल्ला हवाय

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. धागा थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

भाची यंदा बारावी झाली, फिजिक्स-मॅथ्स दोन्ही आहेत. जळगावहून गोव्याचं छोटं विमान सुरू झालं तेव्हापासून तिचं एकच, पायलट व्हायचं. एका फ्लाइंग स्कूलने 52 लाख सांगितलेत. एकदम भरले तर 3 लाख सूट आणि 'चौदा महिन्यांत सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) हातात'. मेहुणे दोन एकर केळीचं रान विकायला निघालेत.

त्यातच त्यांच्या ओळखीतल्या एकाने वेगळंच काढलंय: फी कशाला भरता, आपणच शाळा काढू, तुम्ही 30 लाख टाका. देशाला 30 हजार पायलट लागणार असं मंत्रीच सांगतात, मग पैसा बुडेल कसा?

मुलीला घालावं का, आणि भागीदारीत पडावं का? मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. कालव्याच्या पाण्याचं विचारा, हवेतलं काही कळत नाही.

तळेगावकर_65
बी.एस्सी. करून एमपीएससी द्या म्हणावं. जमीन पुन्हा होत नाही.

उजवी_सीट
काका, मी एका छोट्या विमान कंपनीत एटीआरवर, म्हणजे छोट्या पंख्याच्या विमानावर, फर्स्ट ऑफिसर आहे, कॅप्टनच्या उजवीकडे बसणारा सहपायलट. कंपनीचं नाव विचारू नका.

तुटवडा आहे, पण तो कॅप्टनचा. नवं कोरं सीपीएल घेऊन घरी बसलेली माझ्याच बॅचची सात पोरं आहेत. 2023 मध्ये डीजीसीएने (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) 1,622 सीपीएल दिली, तोवरचा विक्रम. त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली आणि तिथले अनुभवी लोकही नोकरीच्या रांगेत आले. नुसत्या सीपीएलच्या 200 तासवाल्याला कोण विचारतो?

कॅप्टन व्हायला एटीपीएल हा वरचा परवाना लागतो, त्याला उड्डाणाचे 1,500 तास हवेत. वर्षाला 1,000 तासांच्या वर उडायला परवानगीच नाही, आणि छोट्या मार्गांवर तेवढेही भरत नाहीत. तुम्ही केळीवाले आहात म्हणून सांगतो, खत दुप्पट टाकलं म्हणून घड निम्म्या दिवसांत येत नाही.

बरं, तयार झालेला कॅप्टन टिकतो का? 2023 मध्येच इंडिगोने 500 आणि एअर इंडियाने 470 विमानांची ऑर्डर दिली. ती चालवायला माणसं आमच्यातूनच उचलणार. नियमाने कॅप्टनला वर्षाची नोटीस आहे, आम्हाला सहा महिन्यांची, तरी लोक जातातच. गेल्या दिवाळीत आमचा एक कॅप्टन तापाने पडला, बदली नव्हता, दुपारची फेरी रद्द. मी युनिफॉर्मवर टर्मिनलमध्ये वडापाव खात बसलो होतो आणि एक आजी येऊन म्हणाल्या, "बाळा, तू आहेस ना इथे, मग चल की घेऊन." त्यांना काय सांगणार, उजव्या सीटवरच्याला एकट्याने नेता येत नाही.

भाचीला बसवू नका असं म्हणत नाही. पण 52 लाखांत टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक विमानाचं वेगळं ट्रेनिंग, धरलंय का ते विचारा. बहुतेक नसेल. एअरबसचं टाइप रेटिंग म्हणजे आणखी पंधरा-वीस लाख, आणि त्यानंतरही नोकरीची हमी नाही. मोठ्या कंपन्यांच्या कॅडेट प्रोग्रॅममध्ये निवड आधी होते, खर्च मात्र कोटीच्या वर जातो.

पूर्वीचा_मास्तर
मी सात वर्षं फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होतो. वरच्या भाऊंनी पुढचं सांगितलं, मी त्याच्या आधीचं, शिकतानाचं सांगतो. घोडं अडतं ते विमानांपाशी आणि शिकवणाऱ्यांपाशी.

जाहिरातीत 'आमची 9 विमानं' असतं. उडतात किती? दर 100 तासांनी तपासणीला विमान उभं राहतं, एखादा सुटा भाग अडकला तर महिना गेला. शेवटी मी होतो तिथे सकाळी साडेपाचला फळ्यावर 31 नावं असायची आणि विमानं दोन. पोरं पंखाखाली वाकून नळीत थोडं इंधन काढायची, उजेडाकडे धरून त्या निळसर अ‍ॅवगॅसच्या (छोट्या विमानांचं पेट्रोल) तळाशी पाण्याचा थेंब दिसतो का बघायची, आणि मग आपला नंबर आज लागत नाही हे कळून पुन्हा खाटेवर जाऊन पडायची. उन्हाळ्यात दहाच्या पुढे हवा इतकी उकळते की नवख्याला एकट्याने सोडवत नाही. पावसाळ्यात ढग खाली. चौदा महिन्यांची अडीच वर्षं अशी होतात, आणि मेसचं बिल बापाचं चालूच.

इन्स्ट्रक्टरचं तर काय, तो स्वतःच एअरलाइनच्या फोनकडे डोळे लावून बसलेला. तास भरले की गेला. मी राहिलो कारण आई अंथरुणाला होती. कुठल्याही शाळेला भेटलात तर एवढं विचारा: गेल्या सहा महिन्यांत एकूण किती तास उड्डाण झालं, विद्यार्थी किती? भागाकार घरी करा. आकडा देत नसतील तर उठून या.

ऑफिसात बसू नका, हँगरमध्ये जा. मित्राच्या मुलासाठी एक शाळा बघायला गेलो होतो, तिथे सेसनाच्या पंख्याला कोळिष्टक होतं आणि मार्केटिंगवाला त्याच विमानापुढे पालकांचे फोटो काढून देत होता. डीजीसीएने ऑक्टोबर 2025 मध्ये शाळांची पहिली क्रमवारी लावली, त्यात 35 पैकी वरच्या दोन वर्गांत एकही बसली नाही. 13 बी, 22 सी. ती यादी बघूनच निघा.

एकरकमी भरायचं तर नावच काढू नका. उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते.

जमाखर्च
भागीदारीचं मी बोलतो, सीए आहे.

30 लाखांत एका जुन्या ट्रेनर विमानाचं इंजिन ओव्हरहॉल होईल, फार तर. अमरावतीला बेलोऱ्यात एअर इंडियाची शाळा जाहीर झाली ती 34 विमानं आणि दोनशे कोटींच्या वर खर्च धरून. टाटांना ते परवडतं कारण पायलट त्यांना स्वतःलाच हवेत. शाळेत पैसा सुटला नाही तरी तो त्यांच्या विमानांत सुटतो. छोट्या कंपनीने हेच केलं तर शिकवलेला पोरगा मोठी कंपनी घेऊन जाते, म्हणून ज्यांना गरज सगळ्यात जास्त तेच हात आखडतात. तुमच्या ओळखीच्यांकडे तर विमान कंपनीही नाही. पोरं कुठे खपवणार ते त्यांना विचारा.

मागणीही सरळ रेषेत जात नाही. छोटी शहरं विमानाने जोडायच्या सरकारी उडान योजनेत 27 एप्रिल 2017 ला नांदेड-हैदराबाद सुरू झालं तेव्हा काय थाट होता. सरकारी अनुदान तीन वर्षांचं. ते चालवणारी ट्रूजेट कंपनी 2022 मध्ये थांबली. अशा प्रत्येक वेळी अ‍ॅडमिशन आटतात, हँगरचं भाडं आटत नाही.

आणि जमिनी देऊन शाळा वाढवायचं सरकारचं धोरण 2020 पासून आहेच. विमानतळ प्राधिकरणाने शाळांवरची रॉयल्टी रद्द केली, पहिल्या पाच विमानतळांत तुमचं जळगावही होतं. जागेची अडचण सगळ्यात कमी आहे हो. त्या भागीदारीवाल्यांना फक्त एक विचारा, चीफ इन्स्ट्रक्टर कोण? नाव नसेल तर विषय संपला.

विदर्भकन्या
दादा, या सगळ्याच्या आधी पायलटची मेडिकल तपासणी. प्राथमिक क्लास 2 लगेच, त्यात पास झाली की सीपीएलला लागणारी क्लास 1. पुतण्याने आधी फी भरली आणि क्लास 1 ला अडकला, वर्ष गेलं. ओबीसी, भटक्या-विमुक्त अशा प्रवर्गात बसत असेल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या सीपीएल योजनेचं बघा. कर्जाला साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते, शेतजमीन तारण चालते का ते बँकेत विचारा. चालली तर रान गहाण पडेल, पण निदान विकावं लागणार नाही.

गिरणाकाठ
सगळ्यांचे आभार. काल मेहुण्यांना वाचून दाखवलं. भागीदारीवाल्यांना फोन लावून चीफ इन्स्ट्रक्टरचं नाव विचारलं, म्हणाले ते नंतर बघू, आधी टोकन द्या. तो विषय बंद. रानाची बोलणी थांबवलीत, मेडिकलची अपॉइंटमेंट घेतोय. मास्तर, भाचीला उणे दीडचा चष्मा आहे. चालेल?

पूर्वीचा_मास्तर
नंबर मर्यादेत असेल आणि चष्म्याने पूर्ण दिसत असेल तर चालतं. रंग नीट ओळखते ना ते आधी गावातल्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासून घ्या, ठिपक्यांच्या पुस्तकावर. पाच मिनिटांचं काम आहे.