क्रूगरच्या जंगलात पायी भटकंती आणि तंबूतला मुक्काम : जूनमध्ये जावे का?

प्रश्न : अरण्यओढ, नागपूर
आम्ही चौघे मित्र अनेक वर्षे पेंच आणि ताडोबा जिप्सीतून पाहत आलो आहोत. आता दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात पायी चालावे आणि रात्री तंबूत राहावे, अशी मनापासून इच्छा आहे. रजा जूनमध्येच मिळणार आहे. हा काळ योग्य आहे का, आणि हत्ती-सिंहांच्या वावरात पायी फिरणे कितपत सुरक्षित असते, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आमच्यापैकी दोघे शाकाहारी आहेत.

उत्तर : पळसबन, रामटेक
जून उत्तम. आपल्याकडे मृग लागतो तेव्हा तेथे कोरडा हिवाळा असतो. गवत बसलेले आणि झाडोरा विरळ असल्याने दूरवरचे दिसते, आणि पायी चालणाऱ्यासाठी हे प्राणिदर्शनापेक्षाही सुरक्षिततेच्या दृष्टीने मोलाचे आहे.

मात्र दोन प्रकारांतील फरक आधी समजून घ्यावा. एका प्रकारात मुक्काम ठरलेल्या छावणीत असतो, जेवण तयार मिळते आणि रोज तेथूनच फिरायला निघायचे असते. दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ ऑलिफंट्स नदीकाठच्या वाटेवर, तंबू, शिधा आणि भांडीकुंडी पाठीवर घेऊन चालावे लागते. दोन्हींत जास्तीत जास्त आठ जणांचा गट आणि सोबत बंदूकधारी वाटाडे असतात. सिंहाची भीती सर्वांनाच वाटते, पण दाट झुडपात अचानक समोर येणारा रानरेडा आणि रात्री चरायला पाण्याबाहेर पडणारा पाणघोडा यांची मला अधिक धास्ती वाटते. पाणघोडा आणि पाणी यांच्या मधोमध कधीही उभे राहू नये. एका रांगेत, न बोलता चालावे आणि वाटाड्याने थांबवले की थांबावे. पळणे सर्वांत घातक.

उत्तर : वैद्य ताई, धरमपेठ
क्रूगर हा हिवतापाचा प्रदेश आहे. जूनमध्ये धोका कमी असला तरी प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण काही गोळ्या प्रवासाआधी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही घ्याव्या लागतात. नैरोबीमार्गे जाताना केनियात मुक्काम करणार असाल, तर पिवळ्या तापाची लस किमान 10 दिवस आधी शासनमान्य केंद्रात घ्यावी. त्याचे प्रमाणपत्र नसल्यास भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

अरण्यओढ
पळसबन दादा, ताई, मनःपूर्वक आभार. पाठीवर ओझे घेऊन चालण्याची सवय आम्हाला नाही. तरी दुसरा प्रकार झेपेल का?

पळसबन
या खेपेस छावणीचा प्रकारच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नवख्या माणसाचे लक्ष खांद्यावरच्या ओझ्याकडे राहते आणि पाऊलखुणा, विष्ठा, पक्ष्यांचे इशारे हे सारे निसटते. पायी जाण्याचे खरे सुख तर त्यातच आहे. शाकाहाराची सूचना आरक्षणाच्या वेळीच लेखी द्यावी. तोवर भरलेली सॅक घेऊन सेमिनरी हिल्सच्या चढावर पहाटे नियमित चालावे, आणि नवे बूट घ्यायचे असल्यास ते आताच घेऊन पायात मुरवावेत. गरम कपडे अवश्य न्या. दुपारी ऊन असले तरी पहाटे चांगलीच थंडी पडते.