जुनी गाडी ऑनलाइन घेताना: तुमचे अनुभव लिहा

माळरान:
काल रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, 2021 ची अ‍ॅक्टिव्हा बावीस हजारात मिळतेय, फक्त टोकन टाकायचंय." मी विचारलं, मालक कुठाय? "लष्करात आहे. पुणे विमानतळावर ड्युटी होती, आता बदली झाली म्हणून घाईत काढतोय."

हेच वाक्य मी काही वर्षांपूर्वी शेजारच्या काकांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांना गणवेशातला फोटो आला, आयकार्ड आलं, कँटीन कार्डही आलं. गाडी आर्मीच्या ट्रकने घरपोच येणार होती. आधी डिलिव्हरीचे पैसे घेतले, मग जीएसटी, मग "परत मिळेल" असा इन्शुरन्स. शेवटी म्हणे ड्रायव्हर हायवेवर थांबलाय, उरलेले टाका म्हणजे निघेल. काका निवृत्त शिक्षक. गणवेश बघून त्यांनी शंका घेतली नाही, आणि याच गोष्टीचा मला आजही संताप येतो.

भाच्याने गाडीचा नंबर परिवहनच्या अ‍ॅपवर टाकला होता. गाडी खरी निघाली, म्हणून त्याचा विश्वास बसला. नंबर खरा असतोच, फोटो दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललेले असतात. आणि अ‍ॅपवर मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसतं, त्यामुळे समोरचा तोच आहे की नाही ते कळत नाही. मी त्याला एवढंच सांगितलं, गाडीला हात लावल्याशिवाय एक रुपया सोडायचा नाही.

तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर लिहा. मुलं वाचतात.

चहाबाज:
सेम टू सेम!! आमच्या मेसमधल्या पोराला बुलेट होती फक्त. बाकी विमानतळ, बदली, ट्रक सगळं हेच.

सातारची सून:
वाचून फार वाईट वाटलं. माझे मिस्टर फौजेत आहेत, सासर अपशिंगे मिलिटरीच्या जवळच. आमच्याकडे घरटी कोणी ना कोणी फौजेत. एक सांगते, खरा जवान आपलं आयकार्ड अनोळखी माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही. न मागता कार्ड आलं की तिथेच फोन ठेवा. काकांचे पैसे मिळाले का हो परत?

माळरान:
नाही ताई. तक्रार करेपर्यंत बरेच दिवस गेले होते. घरात सांगायला लाजत होते.

ठाणेकर मावशी:
1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच फोन करायचा. जितक्या लवकर कराल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त. हा नंबर फ्रिजवर चिकटवा सगळ्यांनी.

माझ्या बहिणीचं उलटं, ती विकत होती. स्कूटीची जाहिरात टाकून दहा मिनिटं झाली नसतील तर गिऱ्हाईक हजर. घासाघीस नाही, गाडी बघायची नाही, "ताई क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे जमा होतील." लेक शेजारी बसली होती, तिने हातातून फोन काढून घेतला. पैसे घेताना पिन लागतच नाही, पिन फक्त द्यायला लागतो. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

गॅरेजवाला:
मी सांगलीत गॅरेज चालवतो. 2019 च्या पुरानंतर ज्या गाड्या बाजारात आल्या त्या बघून सांगतो. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन पॉलिश मारली की वरून चकाचक दिसते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाचा डाग राहतो. डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनीच्या खाली बघा. फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात माती असते. वास मारायला भरपूर सेंट मारलेला असेल तर तिथेच संशय घ्या.

मीटर मागे फिरवणं तर सर्रास. टायरवर चार आकडे असतात, 3419 म्हणजे 2019 चा 34 वा आठवडा. गाडी 2019 ची, मीटरवर पंधरा हजार, आणि टायर 2022 चे? मग विचारा कशाला बदलले. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का तेही बघा. आणि चासी नंबर आरसीवरच्याशी एकेक अक्षर लावून बघायचा, 17 अक्षरं असतात. नंबर ठोकलेल्या जागी खरवडल्यासारखं दिसलं तर सरळ निघून या.

चहाबाज:
दादा तुम्ही सांगलीत कुठे? माझी गाडी थंडीत चालू होत नाही

गॅरेजवाला:
आधी बॅटरी बघा. फोटो पाठवा.

निवृत्त बँकवाला:
लोन राहिलेल्या गाडीबद्दल कोणी लिहिलं नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर ती गाडी मालकाला परस्पर विकता येत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओतून एचपी, म्हणजे आरसीवरची ही बोजाची नोंद, उतरवून घ्यायची, मगच व्यवहार. "हप्ते संपलेत, कागद नंतर देतो" हे ऐकायचं नाही. माझ्या मेहुण्याच्या ओळखीत एकाने पूर्ण पैसे मोजले आणि नंतर वसुलीवाले गाडी उचलून घेऊन गेले.

विकणाऱ्यांनीही नीट वाचा. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या करून एजंटाला देऊ नका. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. गाडी पुढे चार हात फिरली तरी अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात पडते.

ठाणेकर मावशी:
अगदी! भाऊजींनी बाइक विकून जमाना झाला, चलन अजून त्यांच्याच मोबाइलवर. परवा तर सिग्नल तोडल्याचं आलं, नाशिकचं. भाऊजी नाशिकला गेलेलेच नाहीत.

विदर्भी:
ट्रान्सफर होईपर्यंत त्यांचा जीव टांगणीलाच.
इकडे नागपुरात दिल्लीच्या डिझेल गाड्यांचं फार आहे. हरित लवादाने 2015 मध्ये दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद करायचा आदेश दिला, तेव्हापासून तिकडचा माल स्वस्तात बाहेर येतो. गाडी चांगलीही असते, खोटं नाही. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, पाहिजेच. आणि इथे रोड टॅक्स पुन्हा भरावा लागते. महाराष्ट्रात डिझेलचा टॅक्स पेट्रोलपेक्षा जास्त. जाहिरातीत यातलं काहीच लिहून राहत नाही. मोठ्या भावाने सगळा हिशोब मांडला तर इथल्या गाडीएवढीच पडत होती, नाही घेतली.

आजोबा_बाणेर:
आमच्या वेळी चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचो. वडिलांची गाडी आली तेव्हा अख्खी चाळ पेढे खायला होती.

सातारची सून:
आजोबा, माझ्या माहेरी अजून आहे चेतक! भाऊ रोज पुसतो.

आजोबा_बाणेर:
फोटो टाक ग पोरी.

ठाणेकर मावशी:
आले. एक राहिलं, इन्शुरन्स आपल्या नावावर करायला विसरतात लोक. आरसी बदलली तरी पॉलिसी जुन्या मालकाच्या नावे राहिली की स्वतःच्या नुकसानीच्या क्लेमला अडचण येते. माळरान, भाच्याचं काय ठरलं पण?

माळरान:
त्या माणसाला त्याने लिहिलं, "तुमच्या युनिटच्या गेटवर येतो, तिथे रोख देतो." त्या माणसाने लगेच भाच्याला ब्लॉक केलं. आता आमच्याच गल्लीतल्या एका बाईंची गाडी बघतोय, एकहाती वापरलेली, किंमत बाजारभावाची. रविवारी बघायला जाणार.

गॅरेजवाला:
सकाळी लवकर जा, आणि त्यांना आधी सांगा चालू करून ठेवू नका. थंड इंजिनावर किक मारून बघायची. धूर कसला येतो ते व्हिडिओ करून मला पाठवा, मी दुकानातच असतो.