अमोनिया चिलरसाठी 12 मिमी प्लेट: इम्पॅक्ट टेस्टेड घ्यावीच लागेल का?

जळगाव_फॅब

राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं शेड आहे. आजवर टाक्या, चिमण्या, कन्व्हेअर असलीच कामं केली. आता भुसावळकडच्या एका बर्फ कारखान्याचा ब्राइन चिलर (मिठाचं पाणी गार करणारा) मिळालाय. शेलमध्ये (बाहेरच्या पिंपात) अमोनिया, ट्यूबमध्ये ब्राइन. शेल 900 व्यासाचं, 12 मिमी जाडीचं. ट्यूबशीट (ट्यूबची टोकं बसतात ती भोकांची जाड प्लेट) 45 मिमी. डिझाइन प्रेशर 20 बार, अमोनिया चालताना उणे 15 अंश.

कन्सल्टंटने ड्रॉइंगवर लिहून टाकलंय: एसए-516 ग्रेड 70 (प्रेशरच्या भांड्यांचं स्टील), नॉर्मलाइज्ड (पुन्हा तापवून हवेत गार केलेलं), उणे 46 अंशांना इम्पॅक्ट (तेवढ्या थंडीत घणाचा धक्का किती झेलतं त्याची टेस्ट). दीड टन माल. एवढ्यासाठी मिल वेगळी प्लेट काढणार नाही, आणि मुंबईचा व्यापारी दोन महिने म्हणतोय. गिऱ्हाइकाला आखाजीच्या आत बर्फ पाडायचाय. व्यापाऱ्याकडे साधी 516 तयार आहे. "516 म्हणजे इम्पॅक्टवालीच असते शेठ," असं तो छातीठोक सांगतो. आमचा फोरमन तर म्हणतो, शेडमध्ये 2062 पडलीय, तीच लावा, 12 मिमीला काय होतंय.

कोणाचं ऐकू? खरी भीती मला 45 मिमीच्या ट्यूबशीटची आहे. जाड प्लेट थंडीत तडकते असं ऐकलंय.

निवृत्त_क्यूसी_धुळे

भाऊ, तिघंही थोडे थोडे चुकतायत. आधी फोरमनचं बघू. 2062 हे स्ट्रक्चरल स्टील. त्यात ए ग्रेडला चार्पी (हीच इम्पॅक्ट टेस्ट) नसतेच, बी-झीरोला शून्य अंशाला असते, सी ला उणे 20 ला. तुझ्या शेडमधली कुठली हे फोरमनला तरी माहीत आहे का? ती शेडच्या कैचीला वापर.

व्यापारी सांगतो तेही खोटं. 516 बारीक दाण्याचं स्टील आहे हे खरं, पण त्या स्पेसिफिकेशनमध्ये इम्पॅक्ट आपोआप येत नाही. ऑर्डरमध्ये एस-5 लिहून मागावी लागते. 40 मिमीपर्यंतची प्लेट तर मिल नॉर्मलाइज न करताही देते. एएसएमईच्या (प्रेशरच्या भांड्यांचा अमेरिकन कोड) यूसीएस-66 मध्ये कर्व्ह दिलेत: कुठल्या जाडीला किती थंडीपर्यंत इम्पॅक्ट टेस्ट लागत नाही ते. ग्रेड 70 नॉर्मलाइज्ड असेल तर डी कर्व्ह, नसेल तर बी. नाव एकच, पण 25 मिमीला बी कर्व्ह साधारण उणे 1 वर थांबतो आणि डी उणे 34 पर्यंत जातो. म्हणून सर्टिफिकेटवर ग्रेडच्या आधी 'एज रोल्ड' (रोलमधून निघाली तशीच) की 'नॉर्मलाइज्ड' ते वाच.

आता तुझं काम. 12 मिमीला बी कर्व्ह उणे 22 च्या आसपास येतो. तुला हवंय उणे 15. म्हणजे साधी 516 सुद्धा पूर्ण प्रेशरला बसते. ट्यूबशीटला घाबरू नकोस. तिथे 45 धरायचे नसतात. जोडातला पातळ भाग किंवा ट्यूबशीटची जाडी भागिले चार, यातलं मोठं धरायचं. 45 चे सव्वाअकरा, शेल 12. झाले 12. शिवाय 40 च्या वरची 516 नॉर्मलाइज्डच येते.

आणखी एक गोष्ट कन्सल्टंटला विचार: 20 बार आणि उणे 15 हे दोन्ही एका वेळी कधी येणार? उणे 15 ला अमोनियाचं प्रेशर असतं जेमतेम 1.4 बार गेज. 20 बार धरलेत ते मे महिन्यासाठी. भुसावळच्या 45 अंशांत प्लांट बंद पडला की आतला अमोनिया पावणेसतरा बारला जातो, पण तेव्हा प्लेट गरम असते. अंगावर ताण कमी असेल तर कोड आणखी खालच्या तापमानाला सूट देतो, यूसीएस-66.1 बघ. मला वाटतं उणे 46 हे कुठल्या तरी एलपीजीच्या ड्रॉइंगवरून चिकटवलंय.

पण स्वस्तात सुटलो म्हणून वेल्डिंगला ढील देऊ नकोस. आपल्याकडच्या पोरांना 6013 ची वेल्डिंग कांडी आवडते, सरसर चालते. तिला इम्पॅक्टची हमीच नाही. 7018 ला उणे 29 ला 27 ज्यूलची हमी आहे. ओव्हनमधून काढलेली, कोरडी वापर.

हे एवढ्या पोटतिडकीने सांगतोय कारण एकदा बघितलंय. जानेवारी होता, पहाटे सहाची हायड्रो टेस्ट (पाणी भरून प्रेशर देऊन तपासणी). 38 मिमीची प्लेट, नॉर्मलाइज न केलेली. बोअरचं पाणी रात्रभर उघड्या टाकीत होतं. हेल्परने हात घातला न् म्हणाला, "दादा, पानी बरफ शे." मी हसलो. 38 मिमीला बी कर्व्ह अधिक 10 च्या वर असतो, आणि कोड सांगतो टेस्टच्या वेळी धातू त्याहून 17 अंशांनी गरम ठेवा. म्हणजे 27-28 हवे होते. आमचं पाणी 12 असेल नसेल. प्रेशर अजून वर चढतच होतं तेवढ्यात धाडकन आवाज झाला. नोझलच्या वेल्डला एवढासा अंडरकट (कडेची खाच) होता, तिथून निघून दोन फूट चीर गेली. कुठे वाकलं नाही, फुगलं नाही. काचेसारखं तुटलं. पाणी होतं म्हणून माणसं वाचली, हवा असती तर मी हे लिहायला नसतो.

तुझ्या चिलरला उणे 15 अधिक 17, म्हणजे 2 अंश. नळाचं पाणी चालेल. तरी टेस्ट दुपारीच घे. तेवढं माझ्यासाठी.

तापीकाठचा_ऑपरेटर

क्यूसी दादांशी सहमत. भर चालवणाऱ्याच्या बाजूने घालतो. ऑस्ट्रेलियात लाँगफर्डच्या गॅस प्लांटमध्ये 25 सप्टेंबर 1998 ला एक हीट एक्सचेंजर फुटला, दोन माणसं गेली. गरम तेलाचे पंप बंद पडले होते, एक्सचेंजर उणे 48 पर्यंत थंड झाला, बाहेरून बर्फ धरला. मग पुन्हा गरम तेल सोडलं आणि तो तडकला. ज्या तापमानासाठी बांधला नव्हता तिथे तो जाऊन बसला होता. म्हणून गिऱ्हाइकाला लिहून दे की चिलर सर्व्हिसला उघडताना अमोनिया एकदम वातावरणात सोडायचा नाही. उरलेलं लिक्विड उकळत उणे 33 ला जातं. प्लेट तेवढी गार असताना हाय साइडचा (जास्त प्रेशरच्या बाजूचा) व्हॉल्व्ह कोणी उघडला तर वरचा सगळा हिशोब बदलला.

जळगाव_फॅब

दादा, दोघांचे आभार. कन्सल्टंटला फोन केला. "एका वेळी कधी येणार" हे विचारल्यावर दोन मिनिटं शांतता होती, मग म्हणाले हिशोब लिहून पाठवा, बघतो. उणे 46 बहुतेक निघेल.

पण आज व्यापाऱ्याच्या गोडाउनला जाऊन आलो. सर्टिफिकेट झकास आहे, 516 ग्रेड 70, एज रोल्ड. प्लेटवर मात्र हीट नंबर (मिलमधल्या ओतीचा नंबर) खडूने लिहिलाय. ठोकलेला पंच कुठे म्हटलं, तर म्हणतो पंचवाला कोपरा दुसऱ्या गिऱ्हाइकाला कापून गेला, नंबर तोच आहे, विश्वास ठेवा.

निवृत्त_क्यूसी_धुळे

उचलू नकोस. ते सर्टिफिकेट कोपऱ्याचं आहे, तुझ्या प्लेटचं नाही. नाशिकला विचार, पंच असलेली 12 मिमी तिथे मिळेल.