टायटननंतर छोट्या पाणबुड्यांवर बंदी हवी का?

दर्यावर्दी: ‘खासगी पाणबुड्यांवर बंदी घाला, बुडालेली जहाजं बघायला माणसाने खाली जायचं कारणच काय?’ ही पोस्ट वाचून राहवलं नाही. 18 जून 2023 ला टायटॅनिकचे अवशेष बघायला निघालेली टायटन पाणबुडी फुटली ती खासगी होती म्हणून नाही. कार्बन फायबरचं कवच कुणाकडून प्रमाणित न करता 3800 मीटरवर पुन्हा पुन्हा नेलं, म्हणून पाच माणसं गेली. अमेरिकी समुद्रशोधक व्हिक्टर व्हेस्कोवोची ‘लिमिटिंग फॅक्टर’ पाणबुडीही खासगीच होती. पण तिला 90 मिलिमीटर जाड टायटॅनियमचं गोल कवच आणि रीतसर प्रमाणपत्र. 1944 मध्ये फिलिपिन्सजवळ बुडालेल्या ‘जॉन्स्टन’ या अमेरिकी युद्धनौकेचे अवशेष 2019 मध्ये माणूस नसलेल्या यंत्राला दिसले, पण त्याला आणखी खोल जाता येईना. 2021 मध्ये व्हेस्कोवो याच पाणबुडीतून स्वतः उतरला, तेव्हा जहाजाच्या पुढच्या टोकावरचा 557 क्रमांक दिसून ओळख पक्की झाली.

अण्णा_ठाणे: आणि टायटॅनिक 1985 ला कशाने सापडलं? जहाजामागून ओढलेल्या कॅमेऱ्याने. खाली एकही माणूस नव्हता. अब्जाधीशांची हौस इतिहासाच्या नावावर खपवू नका.

मालवणचो_झील: फिलिपिन्स सोडा, आमच्या सिंधुदुर्गातल्या निवतीचं बोला! आमच्या पर्यटन पाणबुडीच्या घोषणा ऐकून कान किटले. 2023 संपता संपता गुजरातेत द्वारकेला पर्यटन पाणबुडी येणार अशी बातमी आली, तेव्हा किती जीव जळला. आता म्हणे नौदलाचं निवृत्त जहाज ‘गुलदार’ बुडवून पाण्याखाली संग्रहालय.

मीनल_पुणे: पाणबुडी हवीच. तारकर्लीला बाबांना स्कूबासाठी नेलं, तर कानाचा त्रास ऐकून त्यांना काठावरच बसवलं. आम्ही प्रवाळ पाहून आलो, ते किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभे. पाणबुडीच्या आत हवेचा दाब जमिनीवरच्यासारखाच असतो, कानावर ताण नाही. म्हाताऱ्यांनी समुद्र वरूनच बघायचा का?

नाखवा: बुडवलेलं जहाज आणि पाणबुडी, हीच जोडी जीव घेते. 1973 ला फ्लोरिडाजवळ ‘जॉन्सन सी लिंक’ ही छोटी पाणबुडी मुद्दाम बुडवलेल्या विनाशिकेच्या सांगाड्यात अडकली. दिवसभराहून जास्त वेळ. चौघांपैकी दोघे कार्बन डायऑक्साइडने गेले. कवच शाबूत होतं! 2005 मध्ये रशियाच्या पूर्व टोकाला कामचाटकाजवळ त्यांची छोटी पाणबुडी जाळ्यात सापडली. ब्रिटिशांच्या यंत्राने जाळी कापली तेव्हा सात जण वाचले. आमच्या किनाऱ्यावर तुटकी जाळी किती पडलीत ते कधी पाहिलंत? माझ्या चुलत्याचं जाळं एका पर्यटकांच्या बोटीने फाडलं, भरपाई शून्य. उद्या पाणबुडी अडकली की दोष कोळ्याचाच.

मालवणचो_झील: म्हणजे कोकणात काहीच नको! रोजगार आला की जाळी पुढे करायची.

नाखवा: रोजगार आमचाही आहे. तोंड सांभाळून बोल. मासेमारी बंद ठेवायची वेळ आली तर माझ्या घरात चूल तू पेटवणार?

दर्यावर्दी: झील, नाखवांवर घसरू नकोस. त्यांचं म्हणणं टायटनवरच्या शंभर पोस्टींपेक्षा मोलाचं आहे. आधी तळाची पाहणी, जाळी काढणं, बुडवायच्या जहाजावरच्या तारा-दोर उतरवणं, आणि जाळी कापणारं यंत्र मालवणात तयार. ते बाहेरून येईपर्यंत आतली हवा संपेल. हे होईपर्यंत एकही तिकीट विकू नये. पण ही अट झाली, बंदी नव्हे.

अण्णा_ठाणे: प्रमाणपत्र, सुटकेचं यंत्र, साफ तळ. एवढं असेल तर उथळ पाण्यात चालवा, माझी हरकत नाही. टायटॅनिकपर्यंत पैसे मोजून माणसं नेण्याला माझा विरोध कायम.

नाखवा: आणि जाळ्याची भरपाई? ती कोण लिहून देणार, ते आधी सांगा.